रंगाचा अंमल

पौषांत संक्रांत येते, तेव्हां एरवीं मंगल प्रसंगीं वर्ज्य मानलेला काळा रंग आपल्या घरांतून मोठ्या मानानें वावरूं लागतो. नव्या सुनेला काळी चंद्रकळा, तान्ह्या मुलाला काळें झबलें, आणि त्यावर शुभ्र हलव्याचे दागिने. ही चाल कां पडली असें विचारलें, तर आज घरांतील सातव्या इयत्तेंतला मुलगाहि चटकन सांगतो कीं, काळा रंग उष्णता शोषून घेतो, म्हणून थंडींत काळें नेसावयाचें. उत्तर चुकीचें नाहीं. पण अर्धें आहे. सकाळच्या कोवळ्या उन्हांत अंगणांत बसलेल्या सुनेला चंद्रकळा ऊब देईल खरी. परंतु तीच सून दिवेलागणीनंतर हळदीकुंकवास बसली म्हणजे काळें लुगडें आणि पांढरें लुगडें ऊब देण्याच्या कामीं अगदीं सारखीं. रंगाचा अंमल उन्हापुरता आहे. ऊन मावळलें कीं त्याची सत्ता संपते. या उत्तराचें राहिलेलें अर्ध प्रस्तुत अंकीं पाहण्याचें आम्हीं योजिलें आहे. कारण संक्रांतीपेक्षां त्याचा उपयोग वैशाखांत अधिक, आणि आमच्या नंदुरबारसारख्या ठिकाणीं तर तो माणसांच्या जिवाशीं निगडित आहे.

सातपुड्यापासून तापीच्या खोऱ्यांत उतरलेला आमचा जिल्हा १९९८ सालीं धुळ्यापासून वेगळा झाला. ऊन मात्र सामाईकच राहिलें. एप्रिल-मे महिन्यांत पारा बेचाळीस-चव्वेचाळीस अंशांवर जाऊन बसला तरी येथें कोणी नवल मानीत नाहीं. या उन्हावर आमचें पोटहि चालतें. हिवाळ्यांत शहराबाहेर मिरचीच्या पथाऱ्या पडतात आणि ओली लाल मिरची उघड्या रानांत वाळते. धडगांवकडील डोंगरांत उन्हाळ्याच्या तोंडीं कैरीच्या फोडी वाळवून आमचूर करतात. तेव्हां उन्हाला नुसता बोल लावणें बरें नव्हे. तें कोठें घ्यावें आणि कोठून परतवावें, एवढें कळलें पाहिजे.

आपल्या गांवगाड्याच्या भाषेंत जमिनीला दोन नांवें आहेत. पिकाची ती काळी आणि वस्तीची ती पांढरी. शहादा-तळोद्याकडील काळींतून वैशाखांत भर दुपारीं अनवाणी चार पावलें टाकून पाहावींत, म्हणजे रंगाचा अंमल म्हणजे काय तें पुस्तकावांचून समजतें. या काळ्या जमिनीचा स्वभाव पुण्यास रीतसर मोजला गेला आहे. हवामानखात्यांत शेतीच्या हवामानाचा स्वतंत्र विभाग १९३२ सालीं पुण्यांत सुरू झाला, व त्याची धुरा सर चंद्रशेखर व्यंकट रामन यांचे शिष्य डॉ. एल. ए. रामदास यांजकडे आली. रामदास आणि त्यांचे सहकारी द्रविड यांनीं त्या दशकांत एक फार साधा प्रयोग केला. कापसाच्या काळ्या जमिनीचा एक तुकडा जसाच्या तसा ठेविला, आणि शेजारच्या तुकड्यावर पांढऱ्या भुकटीचा पातळ थर पसरला. ऊन तेंच, वारा तोच, माती तीच. दुपारीं पांढऱ्या थराखालची जमीन उघड्या काळीपेक्षां पुष्कळच थंड राहिली. आणि हा थंडावा वरवरचा नसून जमिनींत खोलवर उतरला. नांगर नाहीं, पाणी नाहीं, केवळ भुकटीचा एक पातळ पदर!

असल्या प्रयोगांचे मूळपुरुष म्हणून अमेरिकेचे बेंजामिन फ्रँक्लिन यांचें नांव घेतात. शिंप्याच्या नमुन्यांतले निरनिराळ्या रंगांचे कापडाचे चौकोनी तुकडे त्यांनीं एका स्वच्छ सकाळीं उन्हांत बर्फावर मांडले. कांहीं तासांनीं काळा तुकडा खालचें बर्फ वितळवून सर्वांत खोल गेला, गर्द निळा त्याच्या पाठोपाठ, आणि पांढरा मात्र होता तेथेंच तरंगत राहिला. ही हकीकत त्यांनीं १७६१ सालीं एका तरुण मुलीला पत्रानें कळविली. शास्त्रीय गोष्ट घरांतल्या मुलीस कळावी म्हणून लिहिण्याची ती तळमळ आम्हांस प्रयोगाइतकीच आवडते.

नंदुरबारास बर्फ पडत नाहीं. म्हणून आमच्या बालवाचकांनीं सुटींत डब्यांचा प्रयोग करावा. एकाच मापाचे झांकणाचे चार पत्र्याचे डबे घ्यावे. एकाला दिव्याची काजळी तेलांत खलून फांसावी, दुसऱ्याला डिंक घातलेला चुना, तिसऱ्याला गेरू, आणि चौथा घांसून चकचकीत करून तसाच ठेवावा. चारींत सारखें पाणी भरून ते विटांवर उन्हांत मांडावे. तासाभरानें काळ्यांतील पाणी सर्वांत अधिक तापलेलें, त्याच्या खालोखाल गेरूचें, आणि चुन्याचें सर्वांत कोमट, असें आढळेल. चकचकीत डबाहि फारसा तापलेला नसेल. येथवर फ्रँक्लिनचीच गोष्ट झाली. खरी गंमत पुढें आहे. आतां चारींत सारखेंच कढत पाणी भरून डबे सावलींत ठेवावे, आणि कोणता आधीं निवतो तें पाहावें. (कढत पाणी मोठ्या माणसानें भरावें.) ज्याची तापण्यांत आघाडी त्याचीच निवण्यांतहि आघाडी असेल, आणि पांढरा मागें पडेल, अशी अटकळ बहुतेक मुलें बांधतात. परंतु काळा, गेरूचा आणि पांढरा जवळजवळ बरोबरीनें निवतात. मागें राहतो तो चकचकीत डबा. एडिंबरोचे जॉन लेस्ली यांनीं १८०४ सालीं प्रसिद्ध केलेल्या ग्रंथांत हीच गोष्ट दाखविली होती: उष्णता बाहेर टाकण्यांत पांढरा कागद काजळीच्या अगदीं जवळ येऊन बसतो आणि घांसलेला धातु फार मागें राहतो.

असें कां व्हावें? आमच्या विद्यार्थिदशेंत अन्नंभट्टाचा तर्कसंग्रह पाठ करावा लागे. त्यांत रूप हा गुण केवळ डोळ्यानेंच कळणारा आणि शीत-उष्ण हा स्पर्श केवळ त्वचेनेंच कळणारा, असे दोन गुण निरनिराळे सांगितले आहेत. उष्णतेनें रूप पालटतें, कच्चा घडा भट्टींत तांबडा होतो, याचा ऊहापोह आपल्या शास्त्रकारांनीं फार खोल केला. घड्याचे परमाणु पालटतात कीं अख्खा घडाच पालटतो, यावर वैशेषिक आणि नैयायिक यांचा वाद प्रसिद्धच आहे. परंतु याच्या उलटचा प्रश्न, म्हणजे रूपामुळें उष्णता कशी कमीजास्त होते, तो आम्हांस त्या ग्रंथांत आढळला नाहीं. सर्वच कांहीं आपल्या पोथ्यांत होतें असें सांगणारे पुष्कळ भेटतात; आम्हांस तो मोह नाहीं.

डोळ्याचा विषय त्वचेपर्यंत पोंचतो कसा, याचें उत्तर असें कीं, प्रकाश स्वतःच शक्ति आहे. आलेला प्रकाश जें परत करीत नाहीं त्यालाच आपण काळें म्हणतों. आणि गिळलेला प्रकाश नाहींसा होत नाहीं, तो उष्णता होऊन त्या वस्तूंत राहतो. पांढरें तें, जें बहुतेक प्रकाश परत करतें. पण डोळ्याला सगळाच प्रकाश दिसतो कोठें? १८०० सालीं विल्यम हर्शेल यांनीं लोलकांतून पडलेल्या रंगांच्या पट्ट्यांत उष्णतामापक ठेवीत नेले, आणि तांबड्या रंगाच्या पलीकडे, जेथें डोळ्यांस कांहींच दिसत नाहीं तेथें, पारा अधिकच चढलेला पाहिला. त्या किरणांना आतां आपण अवरक्त किरण म्हणतों. जमिनीवर पोंचणाऱ्या सूर्यशक्तीपैकीं जवळजवळ निम्मी या अदृश्य किरणांची असते. म्हणून डोळ्याची साक्ष येथें अर्धीच धरावी. निंबाचें पान आपल्याला गर्द हिरवें दिसतें. पण सूर्याच्या अवरक्त किरणांपैकीं बराच मोठा भाग तें परत फेंकतें, आणि शिवाय पाणी बाष्परूपानें सोडून स्वतःस निववितें. तितक्याच गर्द हिरव्या रंगाच्या पत्र्याच्या अंगीं हे दोन्ही गुण सामान्यतः नसतात. हिरवा रंग थंड असतो या समजुतीनें ज्यांनीं पडवीवर हिरवा पत्रा घातला, त्यांनीं निंबाच्या कीर्तीवर पत्रा विकत घेतला असें समजावें.

आणखी एक पायरी उरली. सूर्य अतिशय तप्त म्हणून त्याचे किरण दृश्य आणि दृश्याच्या लगतचे. आपलीं छपरें, भिंती, डबे, अंगें यांना इतकें तेज कोठलें! तींहि किरण टाकीत असतात, परंतु ते अवरक्तांतहि फार दूरचे, मंद जातीचे. या दूरच्या किरणांच्या लेखीं चुना आणि काजळी एकच आहेत. दोन्ही ते सारख्याच उत्साहानें गिळतात आणि सारख्याच उत्साहानें टाकतात. घांसलेला धातु मात्र ना नीट घेतो, ना नीट सोडतो. संक्रांतीच्या रात्रीं चंद्रकळेचा प्रभाव कां ओसरतो, याचा उलगडा येथें होतो. आणि छपराचा विचारहि येथूनच सुरू होतो.

छपराला हवें काय? दिवसा सूर्याचें ऊन घेऊं नये, आणि जें थोडें घेतलें जाईल तें आकाशाकडे चटकन टाकून द्यावें. पांढरा लेप या दोन्ही गोष्टी करतो. काळा लेप टाकतो चांगलें, पण घेतो भरमसाट. नवा चकचकीत पत्रा घेतो बेताचें, पण घेतलेलें सोडीत नाहीं. म्हणून दिसायला आरशासारखा असूनहि दुपारीं त्याला हात लावतां येत नाहीं. पुढें पावसानें-धुळीनें तो करडा व तांबूस झाला म्हणजे घेणेंहि वाढतें. ताजा चांगला चुना आलेल्या उन्हापैकीं सुमारें तीन चतुर्थांश परत करतो. जुनें करडें सिमेंट व तांबडें कौल पाव ते एक तृतीयांश. डांबर तर दशांशहि परत करीत नाहीं.

हे आंकडे कोरडे वाटतील, म्हणून एका खोलीचा हिशेब मांडूं. मेच्या अखेरीस आमच्या अक्षांशावर सूर्य मध्यान्हीं बरोबर डोक्यावर येतो आणि माणसाची सावली त्याच्या पायांत जाते. त्या वेळीं निरभ्र आकाश असतां दर चौरस मीटरवर सुमारें एक हजार वॅट शक्ति ओतली जात असते. दहा फूट लांब व दहा फूट रुंद छपरावर ती नऊ हजार वॅटांवर भरते. म्हणजे हजार वॅटांच्या नऊ विजेच्या शेगड्या छपरावर पेटवून ठेविल्या असें समजावें. जुना करडा पत्रा त्यांपैकीं सहा-सात शेगड्या पत्करतो, पांढरा केलेला पत्रा दोन. पत्करलेली सगळीच उष्णता खोलींत उतरते असें नव्हे. वारा बरीचशी नेतो. तरी उरलेली कोणाच्या माथ्यावर उतरते, हा प्रश्न राहतोच.

आणि तो प्रश्न आम्हांस सुखवस्तु घरांनाच विचारावयाचा आहे. जुन्या वाड्यांतून माजघराला हातभर जाडीच्या भिंती, वर माळा, त्याच्याहि वर छप्पर. बैठकीला पंखा, आणि आतां पुष्कळ ठिकाणीं हवा थंड करण्याचें यंत्रहि. परंतु कुटुंबें वाढलीं, खोल्यांच्या वांटण्या झाल्या, आणि स्वयंपाकघर मागें सरकत सरकत परसाकडच्या पडवींत गेलें. पडवीवर आला पत्रा. वर सूर्याच्या सहा शेगड्या, खालीं ओट्यावर दोन. जेवणारा तेथें अर्धा तास बसतो आणि उकडतें म्हणून कुरकुरतो. करणारी तेथें चार-चार तास उभी असते. घरांतील वडील मंडळींनीं वैशाखांतल्या एका दुपारीं अकरापासून एकपर्यंत तेथें बसून भाजी निवडावी, म्हणजे छपराला चुना देण्याचा ठराव घरांत एकमतानें मंजूर होईल. वर्गांच्या बाबतींतहि हेंच. पत्र्याच्या शाळेंत दुपारच्या तासाला मुलें पेंगूं लागलीं, तर त्यांस दटावण्यापूर्वीं गुरुजींनीं एकवार वर पाहावें.

ही केवळ सुखसोयीची गोष्ट नाहीं. आमच्या शेजारच्या गुजराथेंत अहमदाबादेस मे २०१० मध्यें पारा ४६.८ अंशांवर गेला. त्या एका महिन्यांत शहरांत नेहमीच्या मानानें १,३४४ मृत्यु अधिक झाल्याचें पुढें अभ्यासकांनीं दाखविलें. उन्हांत कोसळणारा मजूर लोकांस दिसतो. पण बंद खोलींत तापलेल्या छपराखालीं झिजत जाणारा म्हातारा, बाळंतीण, तान्हें मूल दिसत नाहीं, आणि अशा मृत्यूची नोंद बहुधा हृदयविकार किंवा ताप अशीच होते. अहमदाबादच्या नगरपालिकेनें २०१३ सालीं उष्णतेच्या लाटेशीं तोंड देण्याची योजना आंखली, आणि २०१७ सालीं गरीब वस्त्यांतील छपरें पांढरीं करण्याचें काम तींत घेतलें. तेलंगण राज्यानें २०२३ सालीं थंड छपरांचें धोरणच जाहीर केलें. आमच्याकडे गवतानें शाकारलेलीं आणि कौलारू घरें जाऊन त्या जागीं पत्रा आणि सिमेंट येत आहे. गळती थांबली म्हणून लोक समाधान मानतात, तेंहि योग्यच. परंतु गवताचें आणि कौलाचें छप्पर वारा खेळवीत असे, पत्रा तसें करीत नाहीं, हें कोणी सांगत नाहीं.

आतां कृतीचें. सिमेंटच्या गच्चीला विझविलेला चुना उत्तम. होळीच्या सुमारास गच्ची झाडून-धुवून वाळवावी, चुन्यांत सरस किंवा डिंक घालावा म्हणजे तो हाताला लागत नाहीं, आणि सकाळच्या वेळीं दोन-तीन हात द्यावे. चुना विझवितांना तो उसळतो, म्हणून मुलांस दूर ठेवावें. डोळ्यांत उडाल्यास भरपूर पाण्यानें धूत राहावें आणि तडक दवाखाना गांठावा. जस्ताच्या पत्र्याला मात्र चुना मानवत नाहीं. तो तेथें नीट धरतहि नाहीं आणि जस्ताला खातोहि. पत्र्यावर बाहेरच्या कामाचा पांढरा रंगच लावावा, आणि तो वरच्याच बाजूला. खालची बाजू चकचकीत असेल तर तशीच राहूं द्यावी. जो पत्रा उष्णता सोडण्यांत कंजूष, त्याचा तो कंजूषपणा आपल्या डोक्याच्या बाजूला उपकारकच ठरतो. खानदेशची धूळ पांढरेपणाला फार दिवस टिकूं देत नाहीं, तेव्हां महिन्यांतून एकदां छप्पर झाडून घ्यावें.

यावर घरांतून हरकती निघतात. पांढरें छप्पर उदास दिसतें, ही एक. सरस्वतीचा वर्ण पांढरा मानणाऱ्यांनीं ती घ्यावी हें आम्हांस कळत नाहीं. शिवाय छप्पर पाहणार कोण, कावळेच ना? दुसरी हरकत वजनदार आहे आणि ती घरांतील स्त्रियांची आहे: गच्ची थंड झाली तर पापड-कुरडया वाळणार कशा? वाळवणाला वरचें ऊन आणि वारा हेच मुख्य; तरी खालची धग हवीच असेल तर गच्चीचा एक कोपरा तसाच सोडावा. चुन्यावर कांहीं पसरावयाचें तर धुतलेलें कापड मात्र खालीं हवेंच.

कपड्यांच्या बाबतींत आमचा आग्रह इतका कडक नाहीं. सिनाईच्या वाळवंटांतील बदाऊन लोक काळे पायघोळ झगे घालतात, याचें कोडें सोडवूं पाहणारा एक प्रयोग १९८० सालीं 'नेचर' या नियतकालिकांत प्रसिद्ध झाला. काळा झगा पांढऱ्यापेक्षां पुष्कळ अधिक तापतो, परंतु तो ढगळ असल्यामुळें ती जास्तीची उष्णता अंगाला पोंचण्यापूर्वींच हवेबरोबर निघून जाते, असें त्यांत आढळलें. अंगाला चिकटलेल्या कपड्याला ही सवलत नाहीं. काळ्या छत्रीचेंहि तसेंच. ती तापते, पण डोक्यापासून हातभर दूर. आणि विरळ पांढऱ्या कापडापेक्षां ऊन अडविण्यांत ती सरस ठरते. बाहेरून पांढरी आणि आंतून गडद अशी जाड छत्री मिळाली तर ती सर्वांत बरी.

आतां राहिली गच्चीवरची काळी प्लॅस्टिकची टाकी, जिच्या कृपेनें मे महिन्यांत दुपारीं नळाला आंघोळीचें पाणी येतें. ती काळी करण्यांत कारखानदारांची खोडी नाहीं. प्लॅस्टिकमध्यें काजळी मिसळली म्हणजे उन्हानें तें लवकर ठिसूळ होत नाहीं, आणि आंत अंधार राहिल्यामुळें शेवाळ धरत नाहीं. आतांशा बाहेरून पांढऱ्या व आंतून काळ्या टाक्या मिळतात. नवी घेतांना तीच घ्यावी. जुनीवर चार बांबूंचा मांडव करून पांढरें कापड ताणलें तरी काम भागतें.

पांढऱ्या छपरानें हिवाळ्यांत गारठा वाढेल कीं काय, अशीहि शंका विचारली जाते. त्याची तजवीज पाऊसच करतो. आषाढ-श्रावणांत चुना बराचसा धुवून जातो, दसऱ्यापर्यंत गच्ची पुन्हां करडी होते, आणि पौषांतलें ऊन तिच्यावर आपोआप मुरूं लागतें. पुढचा हात मग फाल्गुनांत.